'वर्गात मोबाईलवर गेम चालतो म्हणे!' – एका न छापलेल्या बातमीची गोष्ट

मागच्या महिन्यात एका पालकांचा फोन आला. "भाऊ, कॉलेजात काय चाललंय ते जरा बघा. आम्ही इकडं फी भरतोय आणि तिकडं सर लोक वर्गात पोरांना मोबाईलवर गेम खेळायला लावतायत. व्हिडिओ पाठवतो. चांगली चार कॉलमी लावा."

व्हिडिओ आला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, मागच्या बाकावरून चोरून काढलेला. भिंतीवर रंगीत चौकोन, पोरांच्या हातात मोबाईल, एकच कल्ला आणि मध्ये उभे राहून हसणारे सर. खरं सांगतो, मथळा डोक्यात तयारच झाला होता: 'ज्ञानमंदिरात मोबाईल गेमचा धुडगूस'. वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर एक कळलंय, बातमीच्या आधी मथळा सुचला की समजावं, कुठंतरी घाई होतेय.

म्हणून आधी कॉलेजात गेलो. परवानगी घेऊन त्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. बीए दुसरं वर्ष, विषय राज्यशास्त्र. सरांनी आधी अर्धा तास रीतसर शिकवलं. मग भिंतीवर प्रश्न आला: भारताच्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्यं कधी आली? चार रंग, चार पर्याय, वीस सेकंद. पोरांनी धडाधड बोटं दाबली. निकाल दिसला तर निम्म्याहून जास्त वर्गानं '१९५०' दाबलेलं.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "का रे, १९५० का?" एक पोरगा उठला. "सर, घटना तेव्हाच लागू झाली ना? मग कर्तव्यं पण तेव्हाच येणार." सर म्हणाले, "बरोबर विचार केलास, उत्तर चुकलं." आणि मग सांगितलं, की मूळ घटनेत ही कर्तव्यं नव्हतीच. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, ४२व्या घटनादुरुस्तीनं ती आली. तेव्हा दहा होती. अकरावं, म्हणजे मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं पालकांचं कर्तव्य, २००२ च्या ८६व्या दुरुस्तीनं जोडलं गेलं.

दरवर्षी २६ जानेवारीची बातमी लिहिणारा मी. माझ्या हातात मोबाईल असता तर मीही १९५० च दाबलं असतं. आता जन्मात विसरणार नाही.

त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत हे नव्हतं. त्यात फक्त कल्ला होता.

बातमी तिथंच मेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. हा प्रश्नांचा खेळ वर्गात आला कुठून? खरंच नवीन आहे का? आणि त्यानं पोरं शिकतात, की नुसती खेळतात? महिनाभर जमेल तसं वाचत बसलो. ते आज तुमच्यासमोर मांडतोय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी आपल्या घरातलं

आमच्या आजोबांच्या पिढीला विचारा, परवचा म्हणजे काय. दिवेलागणीला हातपाय धुऊन पोरं ओळीनं बसायची आणि पाढे म्हणायची. नुसते बे एके बे नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पुस्तक समोर नसायचं, सगळं डोक्यातून बाहेर काढायचं. आणि मधेच एखादा काका विचारणार, "सतरा पाचे?" अडखळलं की बाकीची पोरं हसणार. त्यात धाक होता तसा खेळही होता.

भेंड्यांचंही तसंच. शेवटचं अक्षर पकडून कविता आठवायची, नाही आठवली तर भेंडी चढणार. त्या एका भीतीपोटी किती तरी लोकांना शाळेतल्या कविता सत्तराव्या वर्षीही पाठ असतात. पाठ्यपुस्तक कधीच रद्दीत गेलं, पण कविता राहिली.

संस्कृतच्या जुन्या पाठशाळांमध्ये शलाका परीक्षा असायची. शलाका म्हणजे बारीक काडी किंवा सुई. पोथीत ती कुठंही खुपसायची, जे पान निघेल तिथून विद्यार्थ्यानं सुरू करायचं आणि अर्थ सांगायचा. कुठलं पान निघणार हे विद्यार्थ्याला माहीत नाही, आणि परीक्षकालाही नाही! आज मोबाईलवर प्रश्न उलटेसुलटे क्रमानं येतात, त्याचा हा पूर्वजच म्हणा ना. संस्कृतच्या स्पर्धांमध्ये शलाका अजूनही चालते.

मग इंग्रजी अमलात शाळा सरकारी झाल्या आणि 'दिपोटी' आला. डेप्युटी इन्स्पेक्टर. तो येणार म्हटलं की शाळा सारवून घ्यायची, पोरांना धुतलेले कपडे घालून आणायचं, आणि मास्तरांचे हातपाय थरथरायचे. दिपोटीनं प्रश्न विचारला आणि पोरगं चुकलं की मास्तरावर बालंट. तेव्हापासून आपल्या मनात एक समीकरण पक्कं बसलं, की प्रश्न म्हणजे झडती. शिक्षकानं प्रश्न विचारला की पोरगं खाली मान घालतं, जणू काही चोरी पकडली गेलीय. कॉलेजच्या वर्गात आजही तेच दिसतं. "काही शंका?" असं सर विचारतात, आणि साठ पोरांच्या साठ माना वहीत.

मला वाटतं खरा मुद्दा हाच आहे. प्रश्न शिकवण्यासाठी असतो, हे आपण मधल्या काळात विसरून गेलो.

टायपरायटरसारखं यंत्र आणि गोळी

आता अमेरिकेत जाऊ. १९१७ साली आर्थर गेट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी शाळेतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला लावला, काहींना थोडं वाचून बाकीचा वेळ न बघता आठवायला लावला. ज्यांनी बराचसा वेळ आठवण्यात घालवला, त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. पुढं १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवा राज्यातल्या सहावीच्या ३,६०५ मुलांवर मोठा प्रयोग केला. मुलांना बांबूवरचा लेख वाचायला दिला. कुणाची चाचणी लगेच घेतली, कुणाची काही दिवसांनी, कुणाची काही आठवड्यांनी. लगेच चाचणी झालेल्या मुलांनी नंतर बाकीच्यांना मागं टाकलं. मधल्या काळात कुणालाही तो लेख पुन्हा वाचायला दिलेला नव्हता. म्हणजे चाचणीनं मोजलं तसंच पक्कंही केलं.

याच काळात ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे प्राध्यापक होते. १९२४ साली त्यांनी मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत एक यंत्र दाखवलं. दिसायला टायपरायटरसारखं. छोट्या खिडकीत प्रश्न आणि चार पर्याय दिसणार, खाली चार कळा. परीक्षेच्या वेळी ते नुसते गुण मोजायचं. पण एक खटका फिरवला की ते शिकवायला लागायचं, म्हणजे बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्नच यायचा नाही. त्याला आणखी एक जोड होती. ठरलेले गुण झाले की यंत्रातून गोळी बाहेर पडायची. खायची, गोड गोळी!

शंभर वर्षं झाली या गोष्टीला. चार पर्याय, लगेच निकाल आणि बक्षीस. मोबाईलवर आज जे दिसतं ते सगळं त्या पेटीत होतं. गोळीच्या जागी आता पडद्यावर फुलबाजे उडतात, एवढाच फरक. पण महामंदी आली, यंत्र काही खपलं नाही, आणि १९३२ साली प्रेसींनी आपण हे काम नाइलाजानं थांबवतोय असं लिहून टाकलं.

त्यानंतर आले बी. एफ. स्किनर, हार्वर्डचे. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी ते मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेले. साधा पालक म्हणून. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. एक, सगळ्या पोरांना एकाच चालीनं हाकलं जातंय. हुशार पोरगं कंटाळलंय आणि कच्चं पोरगं मागं पडलंय. दुसरी, आपण सोडवलेलं बरोबर की चूक हे पोरांना त्या क्षणी कळतच नाही, वही तपासून येईपर्यंत वाट बघायची. त्यातून त्यांनी आपलं 'शिकवणारं यंत्र' केलं. गंमत म्हणजे स्किनरना चार पर्यायांचा प्रकार पसंत नव्हता. त्यांचं म्हणणं, खोटं उत्तर खऱ्यासारखं सजवून पोरासमोर ठेवलं तर ते खोटंच डोक्यात बसायचं. उत्तर पोरानं स्वतः लिहावं.

ही तक्रार लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

वर्गातून बाहेर पडलेला खेळ

इकडं प्रयोगशाळेत हे चाललेलं असताना तिकडं करमणुकीच्या धंद्यानं हा खेळ उचलला. १९५३ साली अमेरिकेत 'कॉलेज बोल' रेडिओवर आला आणि १९५९ मध्ये टीव्हीवर गेला. दोन कॉलेजांचे संघ, समोर प्रश्न. त्यावरूनच १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' सुरू झाला, तो आजही चालतो. कॉलेजच्या पोरांची हुशारी क्रिकेटच्या सामन्यासारखी घराघरांत बघितली जाऊ लागली.

पण त्याच काळात एक काळी गोष्ट घडली. 'ट्वेंटी-वन' नावाचा कार्यक्रम अमेरिकेत तुफान गाजत होता. त्यात कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे चार्ल्स व्हॅन डोरेन आठवड्यामागून आठवडे जिंकत गेले. अख्खा देश त्यांच्यावर फिदा. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्यांनी संसदीय समितीसमोर कबूल केलं, की प्रश्न आणि उत्तरं आपल्याला आधीच सांगितलेली असायची. घाम पुसणं, आठवल्यासारखं करणं, सगळं ठरवून. विद्यापीठातली नोकरी गेली. माणूस खरा विद्वान होता, हे जास्त वाईट. जाणण्यापेक्षा जिंकणं मोठं झालं की खेळ कुठल्या थराला जातो, त्याचा हा नमुना.

आपल्याकडं प्रश्नमंजूषेचं वेड आधी कलकत्त्यात लागलं. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये तिथं खुली क्विझ सुरू केली. १९७२ पासून 'बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट' आली. आधी शहरांमध्ये मंचावर, मग रेडिओवर. सुरुवातीला हमीद सायानी, ते गेल्यावर धाकटे भाऊ अमीन सायानी. पुढं नव्वदीत ती टीव्हीवर आली तेव्हा सूत्रधार होते नील यांचे चिरंजीव डेरेक. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम'. आमच्या गल्लीत तेव्हा दोनच टीव्ही. आम्ही दारात चपला काढून जमिनीवर बसायचो. इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण घंटा वाजली आणि पोरानं उत्तर दिलं की आमच्याच घरचं कुणीतरी जिंकल्यासारखं वाटायचं. एक गोष्ट मात्र तेव्हाच कळली होती, की हा खेळ शहरातल्या इंग्रजी शाळांचा आहे. आपण बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

ते बदललं ३ जुलै २००० ला. 'कौन बनेगा करोडपती'. प्रश्न हिंदीत आणि समोर अमिताभ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. मराठी पोरगा! आमच्या तालुक्यात त्या हिवाळ्यात एकही स्नेहसंमेलन 'आमचा केबीसी'शिवाय झालं नाही. सरांच्या गळ्यात शाल, कुणीतरी घोगऱ्या आवाजात "लॉक किया जाए?" विचारतंय. मीही त्यात एका वर्षी पाचव्या प्रश्नाला बाद झालो होतो. प्रश्न काय होता ते अजून आठवतंय. बीएच्या तीन वर्षांत सोडवलेला एकही पेपर आठवत नाही.

ही चेष्टा नाही. त्याला शास्त्रीय कारण आहे, तेच पुढं सांगतो.

वाचणं वेगळं, आठवणं वेगळं

२००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. दोन छोटे उतारे, एक सूर्यावर आणि एक समुद्री पाणमांजरांवर. एका रीतीत मुलांनी उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या रीतीत एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. नंतर परीक्षा.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणं पुढं होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. म्हणजे घोकणारा जिंकला. पण दोन दिवसांनी आकडे उलटे झाले, ५४ विरुद्ध ६८. आठवड्यानं ४२ विरुद्ध ५६. एकदाच वाचलेला, पण स्वतःच्या डोक्याला ताण देऊन आठवलेला मजकूर जास्त टिकला.

आणि याहून मोठी गोष्ट. असाच पुढचा प्रयोग झाला तेव्हा मुलांना विचारलं, तुमच्या किती लक्षात राहील? जी पुन्हा पुन्हा वाचत होती त्यांना सगळ्यांत जास्त खात्री होती. आठवड्यानं तीच सगळ्यांत मागं राहिली.

आपली पोरं काय करतात? परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडं वाचतात. पुन्हा वाचतात. पिवळ्या पेननं रंगवतात. वाचलेलं ओळखीचं वाटायला लागतं आणि ओळखीचं वाटलं की 'आलं' असं वाटतं. पेपर हातात पडला की मात्र पाटी कोरी. मग आपण म्हणतो, पोरगं हुशार नाही. पोरगं हुशार आहे हो, त्याची वाचायची रीत चुकलीय. आपल्या आजोबांचा परवचा बरोबर होता.

हार्वर्डमध्ये एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांची शिकवणी मुलांना आवडायची, मुलं अवघड गणितंही सोडवायची. मग त्यांनी एक अगदी साध्या कल्पनांची चाचणी घेतली. बळ म्हणजे काय, वस्तू का हलते, असले प्रश्न. एका विद्यार्थिनीनं विचारलं, सर, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू, की मला मनातून वाटतं तसं? मझूर हादरले. म्हणजे वर्गात शिकवलेलं एकीकडं आणि मनातलं जग दुसरीकडं! १९९१ पासून त्यांनी तास घ्यायची रीतच बदलली. थोडं शिकवायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं आपलं उत्तर द्यायचं. उत्तरं बऱ्यापैकी विभागली गेली की निकाल न सांगता म्हणायचं, शेजारच्याशी भांडा, त्याला पटवून द्या. मग पुन्हा मत घ्यायचं. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरं वाढतात, कारण आत्ताच समजलेलं पोरगं शेजारच्याला ज्या भाषेत सांगतं ती भाषा प्राध्यापकाला जमत नाही.

या सगळ्याला मोबाईलचं रूप दिलं नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठानं. तिथले प्राध्यापक आल्फ इंगे वांग यांनी २००६ मध्ये 'लेक्चर क्विझ' नावाचा प्रयोग सुरू केला. त्यातूनच पुढं २०१३ मध्ये 'कहूत' लोकांसमोर आलं. लाल त्रिकोण, निळा शंकरपाळा, पिवळं वर्तुळ, हिरवा चौकोन. पालकांच्या व्हिडिओत दिसलेले रंग ते हेच. २०१५ मध्ये बेंगळुरूत अंकित गुप्ता आणि दीपक जॉय चीनाथ यांनी 'क्विझिझ' काढलं. त्यात प्रत्येक पोरगं आपापल्या चालीनं जातं, म्हणजे स्किनरांची पहिली तक्रार मिटली. भारतातून निघालेली ही गोष्ट जगभरच्या वर्गांत पोचली.

आणि वर्गात मोबाईल दिसला की शिक्षण बुडालं असं मानणाऱ्यांनी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले परितेवाडीचे रणजितसिंह डिसले सर आठवावेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या या शिक्षकाला २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं.

पण थांबा, दुसरी बाजूही आहे

मी काही कुणाची जाहिरात करायला बसलेलो नाही. या खेळाची काळी बाजू आपण सगळ्यांनी बघितलीय, अगदी जवळून.

२०२० चा लॉकडाउन आठवा. कॉलेजं बंद. आणि व्हॉट्सॲपवर रोज उठून लिंका. 'महाराष्ट्र दिनानिमित्त प्रश्नमंजूषा', 'पर्यावरण दिनानिमित्त प्रश्नमंजूषा', '४० टक्के गुण मिळवा आणि आकर्षक ई-प्रमाणपत्र मिळवा'. मागोमाग दुसऱ्या ग्रुपवर उत्तरंही फिरायची. कितीही वेळा भरा, कधीतरी पास होणारच. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असली शंभरावर प्रमाणपत्रं गोळा केली. त्यांतली दोन-तीन अशा विषयांची, ज्यांची नावंही त्यांना धड सांगता येत नव्हती. आम्हा पत्रकारांकडं रोज प्रेसनोट यायची, 'राज्यस्तरीय प्रश्नमंजूषेस उदंड प्रतिसाद'. आणि आम्ही छापत होतो. मीही छापल्यात. त्यात कोण काय शिकलं, हे एकदाही विचारलं नाही.

व्हॅन डोरेनला उत्तरं आधी मिळत होती. आपल्याला ती फॉरवर्ड होऊन आली. फरक किती?

दुसरी गोष्ट वेगाची. अशा खेळात जो आधी दाबतो त्याला जास्त गुण. मग पोरं वाचत नाहीत, दाबतात. त्या दिवशी वर्गात पहिला आलेला पोरगा तासानंतर मला हसत म्हणाला, "सर, मी तर लाल दिसला की लाल दाबत होतो." सावकाश विचार करणारं पोरगं तळाला जातं आणि त्याचं नाव भिंतीवर सगळ्यांसमोर तळाला दिसतं. म्हणजे दिपोटी पुन्हा आला, या वेळी रंगीत कपडे घालून. खुद्द वांग आणि त्यांच्या सहकारी ताहिर यांनी २०२० मध्ये ९३ अभ्यास तपासले. शिकण्यावर, वर्गातल्या वातावरणावर चांगला परिणाम दिसतो असं त्यांनी मांडलं, पण अडचणीही लपवल्या नाहीत. दगा देणारं इंटरनेट, वेळेचं दडपण, हरण्याची भीती.

इंटरनेटचं तर मी डोळ्यांनी बघितलं. सहाव्या प्रश्नाला रेंज गेली आणि अर्धा वर्ग खेळातून बाहेर.

आणि तिसऱ्या बाकावर दोन मुली एकाच मोबाईलवर खेळत होत्या. मी विचारलं तेव्हा त्यातली एक म्हणाली, "माझ्याकडं नाही. घरी एकच आहे, तो भावाकडं असतो." मैत्रिणीच्या मोबाईलवर बोट मैत्रिणीचं, डोकं दोघींचं. भिंतीवर नाव मात्र एकीचंच येत होतं. कर्तव्यांचं १९७६ हे उत्तर त्या जिच्याकडं मोबाईल नव्हता तिनंच सांगितलं होतं, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. सरांना कळलंच नव्हतं.

मग सरांना विचारलं

तासानंतर स्टाफरूममध्ये मी सरांना या दोन्ही गोष्टी सांगितल्या, लाल दाबणारा पोरगा आणि मोबाईल नसलेली मुलगी. व्हिडिओबद्दलही सांगितलं. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाऊ, मी तीन वर्षं या वर्गाला प्रश्न विचारतोय. एकही हात वर येत नव्हता. ज्या दिवशी हे सुरू केलं, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पोरांना नेमकं काय येत नाहीये. मला एवढंच पाहिजे होतं. पण त्या पोरीचं माझ्या लक्षात यायला हवं होतं."

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. मोबाईल नव्हते. प्रत्येकाकडं जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर केलेली चार कार्डं, अ, ब, क, ड. "एक, दोन, तीन" म्हटलं की सगळ्यांनी एकदम कार्ड वर धरायचं, म्हणजे शेजारच्याचं बघून बदलता येत नाही. पुस्तक बंद. वेगाला गुण नाहीत. पहिल्या फेरीनंतर शेजाऱ्याशी वाद, मग दुसरी फेरी. शेवटच्या प्रश्नाला पर्यायच नाहीत, कोऱ्या कागदावर स्वतः दोन ओळी लिहायच्या. आणि सुरुवातीचे दोन प्रश्न मुद्दाम मागच्या आठवड्यातले. नाव कुणाचंच भिंतीवर नाही. याचंच छापील कोड असलेलं रूपही मिळतं, पोरांच्या हातात कागद आणि फक्त शिक्षकाच्या मोबाईलनं सगळ्यांची उत्तरं टिपायची. पण सर म्हणाले, "आधी पत्रिकांवर चालवून बघू."

कल्ला मात्र तेवढाच होता. बाहेरून जाणाऱ्याला अजूनही वाटेल, इथं काय बाजार भरलाय.

ती मुलगी त्या दिवशी दोनदा उठून बोलली. दुसऱ्यांदा तिचं उत्तर चुकलं. ती हसली आणि खाली बसली. तालुक्याच्या कॉलेजात एखादी मुलगी भर वर्गात चुकते, हसते आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा कार्ड वर करते, ही माझ्या लेखी बातमी आहे. चार कॉलमी.

जाता जाता

पालकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे हो भाऊ, पण पोरगं पास होईल ना?" त्यांचं चूक नाही. फी भरणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी म्हटलं, त्याची हमी मी कोण देणार? पण एक करा. आज रात्री त्याचं पुस्तक तुमच्या हातात घ्या, तुम्हाला विषय कळला नाही तरी चालेल. कुठलंही पान उघडा आणि म्हणा, हे काय आहे, मला समजावून सांग. चुकला तर ओरडू नका. पुस्तक परत द्या, वाच म्हणा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

तीच शलाका आणि तोच परवचा. त्याला रेंज लागत नाही आणि रिचार्जही लागत नाही.

कॉलेजवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे. प्रश्नमंजूषा घ्या, जरूर घ्या, पण फोटो काढून फाइलला लावायला घेऊ नका. प्रेसनोट पाठवाल तर 'उदंड प्रतिसाद' लिहू नका. कोणता प्रश्न सगळ्यात जास्त पोरांचा चुकला आणि त्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी काय केलं, ते लिहा. ती बातमी मी पहिल्या पानावर घेण्यासाठी संपादकांशी भांडेन.

तुमच्या कॉलेजच्या दिवसांतला वर्गात विचारलेला कुठला प्रश्न आजही लक्षात आहे? खाली लिहा. उत्तर चुकलं होतं की बरोबर आलं होतं, तेही लिहा. मला तर असं वाटतं, चुकलेलेच जास्त निघतील.